वाजत राहणारे टाळ

२०२४ च्या जूनमध्ये सरकारनं आषाढी वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये अनुदान जाहीर केलं, आणि त्या वर्षी पालखीच्या मुक्कामाला आमच्या ओसरीवर हरिपाठाच्या आधी कडाक्याचं भांडण झालं.

माझं माहेर माळशिरस तालुक्यात, नातेपुत्याच्या तळापासून जवळच्या एका वस्तीवर. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी आली की तळावर सगळ्या दिंड्या मावत नाहीत, त्या आसपासच्या रानांत आणि अंगणांत पांगतात. आमच्याकडे उतरणारी दिंडी जालना जिल्ह्यातली, अंबड-घनसावंगीकडची. पैठण एवढं जवळ असताना तुम्ही नाथांच्या पालखीबरोबर का जात नाही, असं लहानपणी मी त्यांच्या विणेकरी बुवांना विचारलं होतं. "आमचा आजा माउलीसंगं चालला, म्हणून," एवढंच ते म्हणाले. आता त्यांचा मुलगा वीणा घेतो. तोही हेच सांगतो, फक्त आजाच्या जागी पणजा म्हणतो.

तर त्या संध्याकाळी वीस हजारांवरून जुंपली. एक तरुण म्हणाला, "इलेक्शन तोंडावर आलं म्हणून विठ्ठल आठवला त्यांना. घ्यायचे नाहीत." दुसरा म्हणाला, "त्यांच्या खिशातले हायेत का? आपल्याच कराचे हायेत, घ्या की." कोपऱ्यात पाय चेपत बसलेले एक म्हातारे माळकरी कुणाकडे न बघता बोलले, "आज पैसे घ्या, उद्या पताकेवर कुणाचा फोटो लावायचा ते बी त्येच सांगतील." माझा भाऊ गावच्या विकास सोसायटीचा संचालक, त्यामुळे अनुदान हा शब्द ऐकला की त्याला कागदपत्रं सुचतात. नोंदणी आहे का, बँक खातं कुणाच्या नावावर, पॅन कार्ड काढलंय का, असं त्यानं सुरू केलं. आवाज चढत गेले. पहिल्या तरुणानं दुसऱ्याला "तुमचं काय, तुम्हाला मिळालंच आहे सगळं" असं म्हटलं आणि ओसरी गप्प झाली. हे वीस हजारांबद्दल नव्हतं, हे सगळ्यांनाच कळलं.

आतून आईनं हाक मारली, "मिठाची पिशवी कुणी उतरवून घेतली का? का मीच येऊ?"

अंबड तालुक्याचं नाव गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला आणि तिथून राज्य पेटलं. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात, त्या गावापासून हाकेच्या अंतरावर, वडीगोद्रीला ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण बसलं. एका तालुक्यात दोन मांडव पडले आणि दोन्हीकडे रोज गाड्यांची रीघ लागली. आमच्या दिंडीत या दोन्ही मांडवांत बसून आलेली माणसं होती. रस्त्यानं एकाच पताकेमागं चालत होती, एकाच पंगतीत जेवत होती, आणि रात्री आडवं झाल्यावर ज्याच्या त्याच्या मोबाईलच्या उजेडात आपापल्या माणसाचं भाषण ऐकत होती. मी चहाचे पेले गोळा करत होते तेव्हा अंगणात एका कुशीला एक आवाज होता, दुसऱ्या कुशीला दुसरा. अधेमधे कुणाचं तरी घोरणं.

आमचं गावही काही निराळं नव्हतं. २०२३ च्या दिवाळीआधी वेशीवर फ्लेक्स लागला होता: आरक्षण मिळेपर्यंत राजकीय नेत्यांना गावबंदी. माझा भाचा त्या पोरांत पुढं होता. शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर तो तहसील, शाळा, भूमी अभिलेख असा फिरत राहिला. मोडी वाचणाऱ्या माणसांना त्या काळात जो भाव आला तो पेशवाईनंतर पहिल्यांदाच आला असेल. आमच्या भावकीत एका शाखेच्या पणजोबांच्या नावापुढे कुणबी सापडलं आणि सख्ख्या चुलत शाखेच्या कागदावर मराठा निघालं. दोन्ही कागद बघून आई म्हणाली, "शाळेत नाव घालायला गेलेल्या गड्याला मास्तरनी इचारलं आसंल, त्यानं त्या दिवशी जे तोंडाला आलं ते सांगितलं आसंल." भाच्याला ते मुळीच आवडलं नाही. त्याचंही बरोबर आहे. त्याच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी अर्धा एकर गहाण पडलंय आणि नोकरी म्हणून तो पुण्यात एका कंपनीचे पार्सल पोचवतो. त्याला त्या कागदात पणजोबा दिसत नाहीत, फीचा आकडा दिसतो.

आता भाकरीचं सांगते, कारण खरं भांडण तिथं दिसलं.

दिंडीत दीडशेच्या घरात माणसं. त्यांच्याबरोबर ट्रक असतो, गॅस असतो, आचारी असतात. भात, आमटी, एखादं गोड ते करतात. पण आमच्या मुक्कामाची भाकरी वस्तीनं द्यायची ही रीत. माणशी दोन धरल्या तरी तीनशे होतात, आणि चालून आलेला माणूस दोनवर थांबत नाही. त्यासाठी आमच्या अंगणात दुपारपासून चुली मांडतात. तीन दगड, बाभळीचं जळण, त्यावर लोखंडी तवे. बायका समोरासमोर बसतात, मध्ये काठवटी. जुनं ज्वारीचं पीठ असेल तर ते तुटतं, मग गरम पाण्यानं भिजवावं लागतं. हाताला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बोटं घालायची आणि तळहाताच्या टाचेनं रेटत राहायचं. भाकरी तव्यावर पडली की वर पाण्याचा हात फिरवायचा, तो नेमका कधी फिरवायचा हे कुणी शिकवत नाही. पाणी सुकायच्या बेताला आलं की उलटायची, आणि शेवटी तवा सरकवून निखाऱ्याला उभी लावायची. ती टम्म फुगली की टोपलीत. माझी भाकरी अजूनही एका बाजूनं जाड होते आणि दरवर्षी ती कुणीतरी उचलून "ही पुण्याची" म्हणून वेगळी ठेवतं.

या कामाला मळ्यातल्या मामी मुख्य. त्या माळ्यांच्या, आमच्या विहिरीच्या पलीकडे त्यांचा मळा. नात्यानं कुणी नाहीत, पण माझ्या आईला त्या पहिल्या बाळंतपणापासून वन्सं म्हणतात. त्यांच्या हाताला जो वेग आहे तो मी दुसरीकडे पाहिला नाही. एका तव्यावर एक, निखाऱ्यावर एक आणि हातात एक, असं त्यांचं चालतं आणि तोंड वेगळंच चालू असतं. त्या वर्षी मामी आल्या नाहीत. त्यांच्या सुनाही नाहीत. लोकसभेचा निकाल ताजा होता. कुणी कुणाला पाडलं याचा हिशेब वस्तीवस्तीत मांडला जात होता, आणि मामींच्या थोरल्याचं नि माझ्या भाच्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही झालं होतं. काय ते मी वाचलं. दोघांनीही ते कुठून तरी पुढं ढकललेलं होतं, स्वतः एक ओळ लिहिलेली नव्हती. पण घाव लागायचा तो लागलाच.

सकाळी आई म्हणाली, "चल, जाऊन येऊ." तिचे गुडघे गेलेत. बांधावरून हात धरून नेलं. मामींनी बसायला पोतं टाकलं, चहा टाकला. कांद्याच्या भावाचं बोलणं झालं, गाईच्या आजारपणाचं झालं, माझ्या मुलीच्या लग्नाचं झालं. आत कुणीतरी मोबाईलचा आवाज मुद्दाम मोठा केला, मामींनी मुद्दाम तिकडे लक्ष दिलं नाही. उठताना आई म्हणाली, "जळण आणून टाकलंय." मामी म्हणाल्या, "वन्सं, यायला काय हाय? पर पोरं घरात राहून द्यायची न्हाईत मला." आईनं मान हलवली. एवढंच.

संध्याकाळी मामींचा नातू मोटारसायकलवरून आला आणि कापडात बांधलेली टोपली ओसरीवर ठेवून, गाडी बंदही न करता, गेला. शंभर भाकरी होत्या. सगळ्या सारख्या, कागदासारख्या पातळ. दिंडीत कुणाला कळलंही नाही की यातल्या कुठल्या कुणाच्या. पण आमच्या अंगणात मामींची चूल रिकामी राहिली आणि आईनं ती हलवूही दिली नाही.

आमच्याकडे दिंडी उतरते म्हटल्यावर पुण्यातल्या मैत्रिणींना वाटतं, घरात मोठं वारकरी वातावरण असणार. तसं नाही. माझे वडील, आण्णा, शेतकरी संघटनेचे. छातीला लाल बिल्ला, तोंडात सतत उसाचा उत्पादन खर्च. गळ्यात माळ कधी घातली नाही, एकादशीला आईनं केलेली साबुदाण्याची खिचडी मात्र दोन वेळा घ्यायचे. १९८३ साली शरद जोशींनी पंढरपुरात विठोबाला साकडं घातलं, शेतकऱ्याला घामाचा दाम मिळू दे म्हणून, तेव्हा आण्णा ट्रकमधून गेले होते. देव न मानणारा नेता आणि देवाला न भजणारे माझे वडील विठ्ठलाच्या गावात साकडं घालायला गेले, याचं मला कॉलेजात असताना हसू यायचं. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "विठ्ठलाचं माझं काही देणंघेणं नाही. त्याच्याकडं जाणारा माझा हाय. त्याला गाठायचं तर मी दुसरं कुठं जाणार?" हे उत्तर तेव्हा मला चतुर वाटलं होतं. आता त्यात मला आण्णांचं राजकारण आणि आण्णांची श्रद्धा, दोन्ही सापडतात, आणि वेगळी काढता येत नाहीत.

माझी स्वतःची श्रद्धा विचाराल तर ती बँकेतल्या सुप्त खात्यासारखी आहे. बंद केलेलं नाही, वर्षातून एखादा व्यवहार होतो. पुण्यात देवघरासमोर मी रोज उभी राहते ते सवयीनं, आणि बातम्या वाचून झाल्यावर. देवापुढं उभं राहून मनातल्या मनात एखाद्या मंत्र्याला शिव्या घातल्यात असं पुष्कळदा झालंय. ही सेवा कुठल्या खात्यावर जमा होते माहीत नाही.

वारीबद्दल आपल्याकडे एक गोड भाषा तयार आहे. जातपात विसरून सारे एक होतात, लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, वगैरे. टीव्हीवाले दरवर्षी दिवेघाटात ड्रोन उडवून ती पुन्हा वाजवतात. पायावर पडणं खरं आहे. मीही पडले आहे, माझ्याही पाया एक सत्तरीचे आजोबा पडले आहेत आणि अंगावर काटा आला आहे. पण विसरणं खरं नाही. आमच्याच घरात त्याचा पुरावा आहे. चोखोबांची समाधी महाद्वारात, पायरीशी; देवळाच्या आत नाही. आणि त्यांच्या लोकांना त्या महाद्वारातून आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना महाराष्ट्रभर हिंडावं लागलं आणि शेवटी १ मे १९४७ पासून पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसावं लागलं. १० मेला उपोषण सुटलं, मंदिर खुलं झालं. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते. आमच्या पणजीनं त्या वर्षीपासून गाभाऱ्यात पाऊल टाकलं नाही. वारी सोडली नाही. चालत जायची, चंद्रभागेत अंघोळ करायची, कळसाला हात जोडायची आणि परत यायची. देव बाटला, असं तिचं म्हणणं. मरेपर्यंत तेच म्हणणं. याच पणजीनं दिंडीला आमचं अंगण दिलं होतं, आणि याच पणजीची भाकरी परक्याला दिल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. हे दोन्ही एकाच बाईत होतं. बडव्या-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या जानेवारीत संपवले, त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजारी म्हणून सर्व जातींच्या माणसांचे, बायकांचेसुद्धा अर्ज मागवले. पणजी असती तर तिनं कळसाकडे बघणंही सोडलं असतं की काय, कोण जाणे.

तेव्हा वारीनं माणूस सुधारतो, अशी माझी समजूत नाही. दिंडीतला माणूस परत गावी जातो आणि बांधावरून भांडतो, मतदानाच्या दिवशी आपल्या जातीचं चिन्ह शोधतो. श्रद्धेकडून मी ती अपेक्षाच ठेवत नाही. ती फक्त एक करते: ज्याच्या दारात जायचं तुम्हाला काही कारण उरलेलं नाही, त्याच्या दारात वर्षातून एकदा तुम्हाला पाठवते. भाकरी आणायला, पाणी मागायला, पाल ठोकायला जागा मागायला. आई त्या सकाळी मळ्यात गेली ती समेट करायला नव्हे. दिंडी नसती तर ती गेली नसती; आणि गेली असती तरी मामींनी नुसतंच "या" म्हटलं असतं, पोतं टाकलं नसतं. आजच्या राजकारणाचा मला सगळ्यात मोठा राग कशाचा असेल तर तो याचा. पक्ष फुटले, चिन्हं वाटली गेली, काका-पुतणे वेगळे झाले, ते त्यांचं ते बघतील. पण दारात जायची निमित्तं एकेक करून संपत चालली आहेत. दूध डेअरीला जातं, पीठ गिरणीतून पोरगा आणतो, मयतीचा निरोप ग्रुपवर येतो.

तळावरची समाजआरती मी आण्णांच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा पाहिली. वारीतलं मला सगळ्यात आवडणारं काही असेल तर ते हे, आणि याचं कौतुक कुणी फारसं करत नाही. संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. कानाला दडे बसतात. मग चोपदार मध्यभागी येऊन हातातला चोप उंच करतात आणि टाळ थांबतात. सगळे नाही. ज्या दिंडीची काही तक्रार आहे तिचे टाळ वाजतच राहतात. आरती खोळंबते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं विचारतात: रांगेत कुणी मध्ये घुसलं, पाण्याचा टँकर आला नाही, कुणी अपशब्द वापरला. तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो किंवा निदान शब्द दिला जातो, मग त्या दिंडीचे टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची घोषणा. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी. आणि मग आरती.

या पद्धतीत मला नेहमी एक गोष्ट नवलाची वाटते. नाराज दिंडीला कुणी बाहेर जा म्हणत नाही, आणि तीही वारी सोडून जात नाही. ती आहे तिथंच उभी राहून, भजनाच्याच टाळांनी, इतरांची आरती अडवते. आवाज बंद करा असं शेजारची दिंडी ओरडत नाही, कारण उद्या तिच्यावर ती पाळी येऊ शकते. मुंबईत विधानसभेत सभागृह तहकूब होतं तेव्हा मला हटकून हा तळ आठवतो. तिथंही गोंधळच असतो. फरक इतकाच की तळावर कुणीतरी चालत जाऊन विचारतं.

अर्थात चोपदारांना तळावरची तक्रार सोडवता येते, तालुक्यातली नाही. आरक्षणाची टक्केवारी समाजआरतीत ठरत नसते. त्या वर्षी मी तळावर गेले तेव्हा कुठल्या दिंडीचे टाळ वाजत राहतात याकडे कान लावून होते. एका दिंडीचे राहिले. तक्रार निघाली रस्त्यात घुसलेल्या एका पुढाऱ्याच्या गाडीची.

पुढारी आणि विठ्ठल हे नातंही जुनंच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी निधर्मी सरकारनं पूजा कशी करायची म्हणून विरोध केला, सरकारी महापूजा थांबली, आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. लोकांनी दोन्हीची गाठ मारली आणि पूजा पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून मुख्यमंत्री कुणीही असो, आषाढीच्या पहाटे तो रेशमी सोवळ्यात गाभाऱ्यात दिसतोच. २०१८ साली मराठा आंदोलन तापलं तेव्हा मुख्यमंत्र्यांना पंढरपूर टाळून घरच्या घरी पूजा करावी लागली होती. २०२३ च्या कार्तिकीला उपमुख्यमंत्र्यांच्या पूजेलाही विरोध झाला, बोलणी झाली, मग पूजा झाली. आईचं यावर स्वच्छ मत आहे: "त्येंनी पूजा केली म्हंजी आमचं दर्शन तासभर लांबलं."

आणि तरी अधूनमधून काहीतरी असं घडतं की माझ्यासारखीला गप्प बसावं लागतं. २०२३ चा जून आठवा. ७ तारखेला कोल्हापूर पेटलं होतं, एका मोबाईल स्टेटसवरून. इंटरनेट बंद, दगडफेक. त्याच आठवड्यात देहूहून तुकोबांची पालखी निघाली आणि रिवाजाप्रमाणे पहिली आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी झाली. ११ तारखेला आळंदीत पोलीस आणि वारकऱ्यांत झटापट झाली; लाठीमार झाला, नाही झाला, यावर दिवसभर चॅनेलवाले भांडले. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती, २९ जूनला. सगळ्यांच्याच पोटात गोळा होता. पण पंढरपुरातल्या आणि राज्यात इतर अनेक ठिकाणच्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, नंतर करायची, असं ठरवलं. कुणी सक्ती करण्याआधी ठरवलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोल्हापूरचे व्हिडिओ रात्रंदिवस फिरत होते. ही बातमी मी टाकली, तर त्यावर दोन अंगठे आले, आणि लगेच कुणीतरी पाण्याच्या टाकीच्या सफाईचा विषय काढला. जिला राग आणता येत नाही त्या बातमीचं असंच होतं.

२०२५ मध्ये विधान परिषदेत आरोप झाला की वारीत शहरी नक्षलवादी घुसलेत. पथनाट्यं करणारी, संविधानाची प्रास्ताविका वाटणारी पोरं चालतात वारीत, हे खरं. प्लास्टिक वेचणारीही चालतात, आणि पाय चोळून देणारे डॉक्टरही. विणेकरी बुवांच्या मुलाला मी विचारलं, तुमच्यात कुणी नक्षलवादी आहे का हो? तो म्हणाला, "ताई, रात्री दोन वाजता टँकरवर नंबर लावायचा आसतोय आमाला. तेवढं करून ज्याला क्रांती करायची ती त्यानं करावी."

त्या वर्षी मामी आल्या. थोरल्याचं आणि भाच्याचं मिटलं म्हणून नव्हे. दोघं अजून बोलत नाहीत. थोरला कामाला बारामतीला गेलाय आणि घरात अडवायला कुणी उरलं नाही, इतकं साधं कारण. मामी आल्या, पदर खोचला, माझी काठवट ओढून घेतली आणि म्हणाल्या, "सर तिकडं, तुझ्यानं पीठ वाया जातंय." गेल्या वर्षीच्या रिकाम्या चुलीचा विषय त्यांनीही काढला नाही, आईनंही नाही. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली की कुणीतरी काढावा. मी शहरात राहून बोलून टाकायची सवय लावून घेतली आहे. इथं माणसं न बोलता पुढं जातात, आणि ते नेहमीच शहाणपणाचं असतं असंही नाही. पुढच्या निवडणुकीला ते सगळं पुन्हा वर येईल हे मामींनाही ठाऊक आहे.

आता नवीन अडचण अंगणाची. पालखी मार्ग चौपदरी झाला. नव्या रस्त्यावर वारकऱ्यांना चालायला वेगळी पट्टी आहे, खरंच सोय झाली, मी नाकारत नाही. पण जुन्या रस्त्याच्या कडेचे वड गेले, ज्यांच्या सावलीत दिंड्या विसाव्याला टेकायच्या, आणि आमच्या अंगणाचा पुढचा पट्टा गेला. त्याचा मोबदला आला. मोबदल्यानं सख्ख्या भावांना कोर्टात नेलेली घरं याच रस्त्यावर मोजता येतील; आमच्याकडे अजून ती पाळी आली नाही, पण चुलत्यांनी वकील गाठलाय असं ऐकते. उरलेल्या अंगणात दीडशे माणसं बसत नाहीत. भावाचं म्हणणं, दिंडीला नातेपुत्यातल्या मंगल कार्यालयात जागा धरून देऊ, भाडं आपण भरू. आईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मामींनी सुचवलं की विहिरीपलीकडे त्यांचं कांद्याचं रान आषाढापर्यंत मोकळंच असतं, तिथं पाल पडू दे. थोरल्याला विचारलंय का, असं भावानं विचारलं. "त्येचं रान न्हाई त्ये, माझ्या नावावर हाय," मामी म्हणाल्या.

परवा विणेकऱ्यांचा फोन आला होता. यंदा वीस-पंचवीस माणसं वाढतील म्हणाले, आणि वीस हजारांचं विचारलं तर हसले. त्यावर दिंडीत अजून एकमत झालेलं नाही, बहुतेक टाळ वाजत ठेवावे लागतील. मग मुद्द्यावर आले. कांद्याच्या रानात ट्रक रुतंल का, मुरूम टाकून घेता का तेवढं बघा, आणि पाण्याची पाईप विहिरीपासनं किती फूट लागंल ते मोजून सांगा. मी भाच्याला फोन केला. तो सुट्टीला गावी आहे. पाईप मोजायची तर विहीर ओलांडून मामींच्या मळ्यात जावं लागणार, हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो जरा वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "टेप कुठं ठेवलाय आजीनं, विचार जरा."